नेव्हिलनं हिच का बदललं

सत्तरीतला नवरा कारण नसताना नवं काही घ्यायला लागला, की बायकोनं कान टवकारावेत. कुणाचा नवरा नवे शर्ट घेतो, कुणाचा बोट घेतो. माझ्या नवऱ्यानं, नेव्हिलनं, कॅरव्हॅन गाडीला जोडायचं नवं हिच घेतलं.

जुन्या हिचमध्ये काही खोट नव्हती. गाडीच्या मागे लोखंडी गोळा, कॅरव्हॅनच्या पुढे त्या गोळ्यावर बसणारी वाटी आणि दोन साखळ्या. एवढ्या भांडवलावर आम्ही सगळा दक्षिण किनारा पालथा घातला होता. पण यंदा एरवी वर्षानुवर्षं कोरड्या पडलेल्या आयर सरोवरात पाणी आलं आणि नेव्हिलला ते बघायची घाई सुटली.

"तिकडे जाणारा ऊडनाडाटाचा रस्ता कच्चा आहे, ग्लेन," तो मला म्हणाला. "ओढ्यात गाडी एकीकडे कलते, कॅरव्हॅन दुसरीकडे. गोळा-वाटी तेवढं वळत नाही, मोडते. ऑफ-रोड हिच हवं, सगळीकडे फिरणारं."

हे खरं होतं आणि म्हणूनच मला शंका आली. थाप मारणारा माणूस निम्मं खरं बोलतो. शाळेची बस चालवण्यात माझी हयात गेली, दप्तर कुठे हरवलं याच्या इतक्या गोष्टी ऐकल्यात की नुसत्या आवाजावरून सांगेन. कुठेतरी पाणी मुरत होतं.

आमच्या कदीना गावाजवळ वालारूला अ‍ॅव्हिस पेट्शेलचं वर्कशॉप आहे. नवरा गेल्यावर तीच चालवते. हाताला ग्रीस आणि ओठांना लिपस्टिक, दोन्ही एकाच वेळी. आम्ही दोघं गेलो तेव्हा तिनं आधी वजन विचारलं.

"रिकाम्या कॅरव्हॅनचं नको सांगूस. पाण्याची टाकी भरून, गॅसच्या बाटल्या धरून, ह्या तुझ्या ग्लेनिसचे लोणच्याचे डबे धरून सांग."

नेव्हिलनं सांगितलं. तिनं टेबलावर दोन हिच मांडली. पहिल्यात गाडीचा जाड खुंटा खालून वर शिरतो. वर झाकण, धूळ जात नाही. आमच्या गावात सगळ्यांनी तेच घेतलंय, पण गाडी बरोब्बर त्याच्याखाली आणावी लागते. दुसऱ्याचं तोंड रुंद, बोजड एकदम. गाडी नुसती मागे ढकलत न्यायची, ते आपणच खुंटा पकडतं आणि खट् वाजतं.

"तुम्हाला पहिलं पुरे," अ‍ॅव्हिस म्हणाली.

"दुसरं," नेव्हिल म्हणाला.

कुंपणाचा रंग निवडायला आठवडा घेणारा हा माणूस! मी त्याच्याकडे बघितलं, अ‍ॅव्हिसनंही बघितलं. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरं. दुसरं."

हिच बसवून झालं तरी स्वारीच्या वालारूच्या फेऱ्या चालूच. साखळी बघायचीय, खिट्टी सैल वाटतेय, रोज नवा बहाणा. एकदा मी ब्रेड आणायला म्हणून निघाले आणि वर्कशॉपच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. आत नेव्हिल आमच्या हिचसारख्याच एका हिचपाशी गुडघ्यांवर बसला होता. डोळे मिटलेले. अ‍ॅव्हिस त्याच्याजवळ ओणवी होऊन त्याचा हात आपल्या हातात धरून त्या लोखंडावरून फिरवत होती. हळूहळू. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण जगाचे डोळे उघडेच असतात. मी ब्रेड न घेताच घरी आले.

त्यानंतर मला सगळंच दिसायला लागलं. बोलताना तो माझ्या तोंडाकडे बघेना, कानाच्या बाजूला कुठेतरी बघायचा. शब्दकोडं सोडून दिलं. माझ्या बहिणीच्या सांगण्यावरून मी केस बारीक कापले आणि लालभडक रंगवले, तर शेजारचा कुत्रासुद्धा भुंकला. नवरा हूं की चूं नाही. मनात दुसरी बसली की घरचीचं डोकं कसं दिसेल? मला पुरावा हवा होता, रडारड नको.

तशातच आम्ही निघालो. क्वॉर्न, हॉकर, लिंडहर्स्ट ही गावं करत मारीला पोचलो; कच्चा रस्ता तिथून पुढे. तिथवर सगळा डांबरी रस्ता, गाडी तोच चालवत होता, नेहमीपेक्षा सावकाश. "चष्मा मागे राहिला, पाटी वाच गं," असं सारखं चाललेलं. कॅरव्हॅन ओढणं हे पुरुषाचं काम, असं त्याचं पहिल्यापासून. मी चाळीस पोरांची बस शेतातल्या मातीच्या रस्त्यांवरून नेली, पण आमच्या कॅरव्हॅनला हात लावायचा नाही. "ते वेगळं असतं," म्हणे.

मारीच्या कॅरव्हॅन-तळावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून परत येत होते. कॅरव्हॅनच्या जाळीच्या दारातून अ‍ॅव्हिसचा आवाज आला. माझा पायच थांबला. नेव्हिल आत बसून फोनवरचा निरोप ऐकत होता, मोठ्या आवाजात.

"नेव्ह, अजून सांगितलं नाहीस ना तिला? पुढच्या रस्त्याला लागायच्या आत सांग. नाहीतर मी सांगेन, मग बस बोंबलत. माझा जीव वर-खाली होतोय इथं."

झालं. पुरावा मिळाला. टॉवेल दोरीवर टाकला. एवढ्या वर्षांचा संसार, आणि ही बया मुदत घालून देतेय! तिथंच तमाशा करावा असं फार वाटलं. पण समोर सगळा तळ चहाचे मग घेऊन घडीच्या खुर्च्यांवर बसला होता. आम्हा कॅरव्हॅनवाल्यांची सकाळची करमणूक तीच असते. कोण कॅरव्हॅन कशी जोडतंय ते बघायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही. जोडणाऱ्याशी बोलायचं नाही हा तळाचा नियम. मध्ये कुणी बोललं की एखादी खिट्टी राहते, आणि ती वीस मैलांवर आठवते.

फक्त जोडणाऱ्याच्या बायकोला बोलायची मुभा, आणि ती मी पुरेपूर वापरते. "डावीकडे! अरे डावीकडे, तुझ्या आईच्या डावीकडे! हळू! अजून! थांब!" स्ट्रीकी बे गावात तर तळाचा मालक आवाज कमी करा म्हणून सांगायला आला होता. हातानं खुणाही करते, पण माझं खरं हत्यार तोंड. लोक म्हणतात, मागचा कॅमेरा बसवा. नेव्हिल म्हणायचा, मला ग्लेन पुरते.

त्या दिवशी मी ठरवलं, तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. खुणा करीन, बघू दे आरशात. बायकोकडे बघायची सवय तरी लागेल.

मी कॅरव्हॅनच्या पुढच्या दांड्याजवळ उभी राहिले. नेव्हिल गाडीत बसला, काच खाली केली.

"ग्लेन? येऊ?"

मी अंगठा वर केला.

"ग्लेन?"

मी परत अंगठा दाखवला, जरा रागानंच. तो थांबला. मग गाडी हळूहळू मागे यायला लागली. तिरकी येत होती. मी उजवीकडे हात केला, तो तसाच. जोरात हात हलवला, तरी तसाच. मुद्दाम करतोय, मला वाटलं, चोर तो चोर, वर शिरजोर. मी दोन्ही हात वर करून थांबायची खूण केली. आरशात मला त्याचं तोंड दिसत होतं, सरळ माझ्याकडे वळलेलं. आणि गाडी येतच राहिली.

गाडीचा खुंटा हिचच्या तोंडाऐवजी दांड्यावर आदळला. कॅरव्हॅन हिसका खाऊन सरकली, पुढचं छोटं चाक फळीवरून निसटलं आणि तो सगळा लोखंडाचा भार माझ्या पायाशेजारी मातीत रुतला. चपलेची कड त्याखाली गेली.

"थांब!" समोरच्या खुर्चीतला माणूस नियम मोडून ओरडला.

गाडी जागच्या जागी थांबली.

नेव्हिल धडपडत उतरला. "ग्लेन! ग्लेन, कुठे आहेस? लागलं का? बोलत का नाहीस?"

मी त्याच्यापासून दोन हातांवर, नारिंगी जाकीट घालून उभी होते. त्यानं मॅगपाय पक्ष्यासारखी मान वाकडी केली आणि मला डोळ्याच्या कोपऱ्यातून शोधलं. हात पुढे करून माझा खांदा चाचपला.

"नेव्ह," मी म्हटलं. "माझे केस कसल्या रंगाचे आहेत?"

"केस? हे काय आता..."

"सांग."

"करडे," तो म्हणाला.

खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं ते हुश्श. अ‍ॅव्हिस नाही. आणि पुढच्याच क्षणाला वाटलं, त्यापेक्षा अ‍ॅव्हिस परवडली असती. तिला झिंज्या धरून हाकलता तरी आलं असतं.

आम्ही कॅरव्हॅनच्या पायरीवर बसलो. तळावरच्या लोकांनी खुर्च्या दुसरीकडे वळवल्या, एवढी माणुसकी आहे.

"कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून. मधोमध धूर बसल्यासारखं. कडेकडेचं दिसतं. रस्त्याची पांढरी रेघ दिसते."

"आणि मी?"

"तू ऐकू येतेस की."

"गाढवा!" मी ओरडले, आणि मग मला आवरेचना. "मला चिरडलं असतंस! समोरून कुणाची पोरं आली असती तर? पोरांना शाळेत नेण्यात जन्म गेला रे माझा, आणि शेजारी बसून तुला पाट्या वाचून दाखवत होते मी! खुनाला साथ देत होते!"

"हो," तो म्हणाला. बचाव केला नाही त्यानं, त्यामुळे जास्तच चीड आली.

"आणि ती अ‍ॅव्हिस?"

"तिच्या नवऱ्याचे डोळे असेच गेले. मी टेबलावरचं हिच चाचपलं, त्यावरून ओळखलं तिनं. हातानं आणि आवाजानं कसं जोडायचं ते शिकवलं. पण एका अटीवर. तुला सांगायचं आणि गाडी तुला द्यायची."

"मग दातखीळ बसली होती का तुझी?"

तो आपल्या हातांकडे बघत होता, म्हणजे तशी मान करून बसला होता. "सांगितलं असतं तर तू कॅरव्हॅन विकली असतीस. आपण कदीनात टीव्हीसमोर बसलो असतो. तो तरी मला कुठे दिसतो? सरोवर तेवढं बघायचं होतं, ग्लेन. कडेनं का होईना. परत पाणी येईल तेव्हा तेवढंही उरायचं नाही."

असती मी विकली, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

"किल्ली," मी म्हटलं.

त्यानं दिली.

चाक परत फळीवर चढवायला शेजारचे दोघं आले. मग मी गाडीत बसले. नेव्हिल बाजूला उभा राहिला, एक हात दांड्यावर ठेवून, आणि मला मागे घ्यायला सांगू लागला. मी चुकले, परत पुढे गेले, परत मागे आले. शेवटी खट् वाजलं. तो खाली बसला आणि बोटांनी एकेक जागा तपासू लागला. कडी, खिट्टी, साखळ्या, दिव्यांची वायर. एकही चुकली नाही. तरी मी उतरून सगळं पहिल्यापासून स्वतः बघितलं. विश्वास उडाला तो उडालाच, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलं. मग कॅरव्हॅनचे ब्रेक दाबून ठेवून गाडी जराशी पुढे ओढून बघितली. पकड पक्की होती.

आम्ही तळाबाहेर पडलो. मारीतून एक रस्ता दक्षिणेला घरी जातो, तो डांबरी. दुसरा पश्चिमेला सरोवराकडे. चौकात मोठी पाटी आहे. नेव्हिलनं ती मला वाचायला सांगितली नाही. मी कुठे चाललेय हेही विचारलं नाही. पट्टा घट्ट धरून, श्वास रोखून, कान देऊन बसला होता.

मला त्याचा अजून भयंकर राग होता. आजही आहे. मी वळण घेतलं, कॅरव्हॅन जडशीळ पण सरळ माझ्यामागे वळली, आणि गावातलं शेवटचं डांबर संपलं. मग चाकांखाली खडी वाजायला लागली. नेव्हिलनं श्वास सोडला आणि चाचपत माझ्या मांडीवर हात ठेवला.

"हात काढ," मी म्हटलं. "गाडी चालवतेय मी."

त्यानं काढला नाही.