नुमाझाराचं गाव

कुरामोची-सान राक्षसाच्या पोटात शिरायचे, तेव्हा सगळ्यात शेवटी त्यांचा चष्मा माझ्या हातात यायचा.

"सांभाळ गं, साकिए. नाहीतर बाहेर आल्यावर तुलाच दिग्दर्शक समजेन आणि शिव्या घालेन."

मग दोघं जण पाठीची चेन ओढून लावायचे, वरून मुंडकं चढवायचे, आणि पन्नाशी उलटलेल्या त्या सडपातळ, बोलघेवड्या माणसाच्या जागी नुमाझारा उभा राहायचा. त्याचा रबरी पोशाख आधी दोन सिनेमांत वापरून झालेला होता. तिथे तो समुद्री प्राणी होता; या खेपेला कल्ले कापून डोक्यावर शिंगं चिकटवली होती. उजवं शिंग सैल होतं. डाव्या डोळ्यातला दिवा मनात आलं की लागायचा, मनात आलं की विझायचा.

"पोरांच्या लक्षात येत नाही हो," दिग्दर्शक ओरिहारासाहेब म्हणायचे.

"पोरांना सगळं दिसतं, साहेब," कुरामोची-सान म्हणायचे. "ती माफ करतात, एवढंच."

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. तामा नदीकाठच्या त्या पत्र्याच्या स्टुडिओत चिमुकली घरं बांधायचं काम मी करायचे. प्लास्टरच्या भिंती, पातळ लाकडाची छपरं. सगळं असं जोडायचं, की पाय पडला की झकास फुटावं. यंदाच्या कथेत नुमाझारा धरणाच्या पाण्यातून वर येतो आणि डोंगरातलं एक खेडं तुडवत खाली उतरतो. ते खेडं माझ्या वाट्याला आलं होतं.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत कुरामोची-सान डबा घेऊन माझ्या टेबलाशी आले. गुडघ्याएवढ्या घरांची एक रांग तयार झाली होती.

"हे कुठलं गाव?"

"कुठलंच नाही. असंच, डोंगरातलं."

ते थोडा वेळ भात चिवडत राहिले. "मग माझं कर ना."

त्यांचं हिनोकुरा गाव अकरा वर्षांपूर्वी खरोखरच धरणाखाली गेलं होतं. स्टुडिओत हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवसापासून रोज ते डबा घेऊन यायचे आणि लाकडाच्या भुशात काडीनं गाव काढून दाखवायचे. इथे नदी वळते. इथे देवळाच्या पायऱ्या. एकोणीस आहेत, अठरा करशील तर याद राख. हे पाटलाचं घर.

"मोठं कर. अजून मोठं. धरणाच्या कागदावर सगळ्यांच्या आधी त्यानं सही केली. मला ते नीट, सावकाश तुडवायचंय."

"आणि तुमचं?"

"आमचं काय, बुटकं. वळणावर. दाराची एक फळी उलटी बसवलेली. बाबांनी बसवली होती, आईनं जन्मभर ऐकवलं."

मी फळी उलटी बसवली.

चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी मंचावर धूर सोडला. दिव्यांचा पिवळा उजेड त्यात पसरला आणि डोंगर मागच्या पडद्यावर रंगवलेले आहेत हे मीसुद्धा विसरले. दुसरं खेडं बांधायला वेळही नव्हता आणि लाकूडही. त्यामुळे जे व्हायचं ते एकाच फटक्यात. कॅमेरा नेहमीच्या तिप्पट वेगानं फिरू लागला, म्हणजे पडद्यावर सगळं संथ, जड, स्वप्नातल्यासारखं दिसावं.

नुमाझारा आला. पाटलाचं घर त्यानं शेपटीनं झोपवलं, मग त्यावर एक पाय दिला, मग दुसरा, आणि मग कथेत नसताना टाच रगडली. आम्ही तोंडावर हात दाबून हसलो. कोठार गेलं, पूल गेला, देवळाच्या पायऱ्यांचा चुरा झाला. प्लास्टरची धूळ उजेडात तरंगत राहिली.

मग तो वळणाशी आला. ठरलं होतं की त्या बुटक्या घरावर पाय देऊन पुढे जायचं. पाय वर गेला आणि तिथेच थांबला. मानेतल्या दोन भोकांतून, तेही चष्म्याशिवाय, त्यांना घर दिसणं शक्य नव्हतं. पण तालमीत त्यांनी पावलं मोजलेली होती. पाय हळूच सरकला आणि शेजारच्या गल्लीत, वीतभर जागेत उतरला. छपराची एक पट्टीही हलली नाही. आणि नुमाझारा त्या दारासमोर उकिडवा बसला. डोळ्यातला दिवा विझला, पुन्हा लागला.

"कुरामोची!" ओरिहारासाहेब भोंग्यातून ओरडले. "पाय! अरे, पाय टाक!"

आत काही ऐकू जात नसे. कॅमेरावाल्यानं कॅमेरा थांबवला नाही. फिल्म संपून तिचं टोक फडफडेपर्यंत राक्षस तसाच बसून होता.

चेन उघडली तेव्हा आतून वाफ निघाली, बुटातून घामाची धार लागली. मी चष्मा दिला.

"गुडघा गेला, साहेब," ते म्हणाले. "वय झालं."

साहेबांनी वाकून त्यांच्या पायाकडे पाहिलं. गुडघ्याला काही झालेलं नाही, हे त्यांना कळत होतं. "ठीक आहे," ते म्हणाले. "राक्षसालाही दम लागतो. दुपारी पाणी सोडूच. जे उरलंय ते पाणी नेईल."

दुपारी वरच्या टाकीचं झाकण उघडलं. पाणी डोंगरावरून आलं, वळणाशी क्षणभर साचलं आणि ते बुटकं घर अलगद उचललं गेलं. थोडं तरंगलं, गोल फिरलं, मग छपरासकट आत गेलं. कुरामोची-सान गळ्यात टॉवेल टाकून माझ्या शेजारी उभे होते, चष्मा घालून.

"तेव्हा मी इकडे काम शोधत होतो," ते म्हणाले. "गाव बुडताना मी नव्हतो तिथे." चष्मा पुसून त्यांनी पुन्हा घातला. "चला, एवढं राहिलं होतं."

मला वाटलं ते रडतील. पण त्यांनी नाक शिंकरलं आणि चहा कुठाय म्हणून विचारलं.

सिनेमा उन्हाळी सुट्टीत लागला. कुरामोची-सान स्वतः आले नाहीत. पडद्यावर स्वतःला बघायची लाज वाटते म्हणाले. त्यांची थोरली बहीण किनुए-सान गाडीनं चार तास प्रवास करून आली होती, तिला मी घेऊन गेले. थिएटर पोरांनी खचाखच भरलेलं. शिंग लटपटलं तशी सगळी खिदळली, शेपटीची तार चमकली तशी एकानं ओरडून सांगितलं, "तार! तार दिसली!" किनुए-सानही तोंडावर हात न धरता चांगली मोठ्यानं हसली. पाटलाचं घर ओळखलं तेव्हा तिनं माझ्या मांडीवर चापट मारली.

मग राक्षस वळणावर बसला. पडद्यावर ते फारच संथ झालं होतं. धूळ जणू खाली यायलाच तयार नव्हती. थिएटर गप्प झालं.

"दमला बिचारा," पुढच्या रांगेतली एक चिमुरडी म्हणाली.

"बाबा अस्सेच बसायचे," किनुए-सान हळूच म्हणाली. "शेतावरून आले की. आत यायच्या आधी."

दिवे लागले. पोरं आरडाओरडा करत बाहेर पडली. आमच्या थिएटरात त्याच सिनेमाचे खेळ एकामागून एक चालत आणि एकदा तिकीट काढलं की कुणी उठा म्हणत नसे. किनुए-साननं पिशवीतून दोन संत्री काढली, एक माझ्या हातात ठेवलं आणि दुसरं सोलायला घेतलं.

"गाडी चुकेल तुमची," मी म्हणाले.

"चुकू दे. पुढची आहे की," ती म्हणाली आणि पाय वर घेऊन नीट बसली.