दिवसाची झोप

१९४६ सालच्या मार्गशीर्षातली सकाळ. बेळगावात, शहापुरातल्या घरी चंदना नवऱ्याला भाकरी वाढत होती. धरणेंद्र निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याचा मुलगा. सांबऱ्याच्या तळावरून तो एका नव्या कंपनीचं विमान चालवायचा. उड्डाण कधी पहाटे, कधी रात्रभर. तीन दिवसांत तो सलग चार तासही झोपला नव्हता. त्यांच्याजवळच राहणारे त्याचे वडील आण्णासाहेब यांच्या मते, धडधाकट पुरुषानं दिवसा अंथरुणाला पाठ टेकणं हे अवलक्षण. त्यात 'विमानवाला' बघायला रोज पाहुणे यायचे आणि त्याला त्यांच्यापुढं बसावं लागायचं.

तोंडाशी नेलेला घास तसाच राहिला. धरणेंद्रचे डोळे मात्र उघडे होते.

"अवो!" चंदनानं त्याला हलवलं.

तो दचकला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "काल उतरताना असंच झालं. डोळं उघडं, पण काय दिसतच न्हवतं. जोडीच्या पायलटनं दांडा वढला म्हणून वाचलो. कुणाला सांगू नगंस."

"आत माणसं किती हुती?"

"अकरा. त्यात एक तान्हं."

तेवढ्यात कंपनीचा शिपाई रवळू दारात आला. "आजच्या पाळीचं पायलट तापानं पडल्यात. बारा वाजता विमान मुंबईला न्यायचंय, सायबांनी लगेच बोलिवलंय."

"जा रं," आण्णासाहेब ओसरीवरून अभिमानानं म्हणाले. "गड्यानं कामाला न्हाय म्हनू नये."

धरणेंद्र उठून बूट घालायला बसला. चंदना उंबऱ्यावर आली. लग्नाला सात वर्षं झाली, सासऱ्यांसमोर तिनं कधी मान वर केली नव्हती.

"रवळू, सायबास्नी सांग, हे येनार न्हाईत. ह्यास्नी झोपायचंय."

"सूनबाई! बाजूला व्हा!"

"मामंजी, मला काय बी बोला. पन आधी ह्यांच्याकडं बघा."

आण्णासाहेबांनी वळून पाहिलं. धरणेंद्रचे पाय अनवाणीच होते. बूट मांडीवर घेऊन तो नाडी बांधत होता.

"धरणू, कुठं निघालास रं?"

"निघालो न्हाय, आण्णा. आत्ताच उतरलो न्हवं का?"

आण्णासाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी स्वतः मुलाला धरून माजघरात निजवलं, खिडक्या लावल्या. दुपारी पाहुणे आले, तेव्हा ते दारातच उभे राहिले. "झोपलाय त्यो," एवढंच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं: पुन्हा असं झाल्यास नोकरी जाईल. चंदनानं स्वतः उत्तर लिहिलं. 'रात्र जागलेल्या माणसाला झोप घेतल्याशिवाय विमानात बसवू नका. माझ्या नवऱ्याला तर मी पाठवणारच नाही.' तळावरच्या दोन वैमानिकांच्या बायकांकडे ती त्याच पत्रावर सहीसाठी गेली. एकीनं भीतीनं दार लावून घेतलं. दुसरीनं सही केली.

धरणेंद्र झोपला त्या दिवशी विमान रद्द झालं आणि त्याचे उतारू कंपनीला शिव्या घालत आगगाडीनं गेले. सगळे सुखरूप घरी पोचले. आपण कशातून वाचलो, ते त्यांना कुणी सांगितलं नाही.