गॅस वाढला

मित्रांनो, ज्याच्यावाचून शेगडी पेटत नाही, पण ज्याला कुणी नावाने ओळखत नाही, असा मी एक जुना लाल सिलिंडर आहे.

पोलादी पत्र्याचे दोन खोलगट भाग जोडून मला घडवले. माझ्यात गॅस असतो असे सगळे म्हणतात. खरे तर माझ्या पोटात बहुतेक द्रवच असतो. वायू दाबला की त्याचे कण जवळ येतात आणि त्याचा द्रव होतो. शेगडीचे बटण फिरवले की दाब उतरतो, द्रव उकळून पुन्हा वायू होतो. एक वाटी द्रवाचा जवळजवळ अडीचशे वाट्या वायू होतो. त्यासाठी लागणारी ऊब तो माझ्याच अंगातून घेतो. म्हणून काम करताना मी गार पडतो.

दिल्लीच्या करोल बागेतल्या एका घरात मला हळदकुंकू लावले होते. बाकी ठिकाणी भरलेला असेपर्यंतच माझी चौकशी; रिकामा झालो की जिन्यावरून गडगडत खाली. एखाद्या घरी पुन्हा गेलोही असेन. कुणी ओळखले नाही.

एका जानेवारीत मी मुनिरक्यात चंद्रप्रभाबाईंकडे आलो. यजमान मंत्रालयात नोकरीला होते. ते गेल्यापासून बाई एकट्याच. मराठी बोलायला कुणी नाही, म्हणून मला ठेवले होते त्या बाल्कनीत येऊन माझ्याशीच बोलत. पुढे धुके पडले, ऊन दिसेना. माझ्यात द्रव होता, पण गारठ्याने तो उकळेना. दाब घटला. शेगडीची ज्योत निरांजनाएवढी झाली. आता दुसरा सिलिंडर नको, एकटीसाठी काय शिजवायचे, डबाच लावू, असे बाईंनी मला सांगितले आणि मानेसरच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या नातीला, लतिकाला, फोन लावला.

"गॅस वाढला गं," एवढेच बोलल्या आणि फोन तुटला.

लतिका दिल्लीत वाढलेली. घरभर गॅस पसरला असे समजून ती धावत आली. दिवाळीनंतर ती प्रथमच येत होती. आल्या आल्या तिने खिडक्या उघडल्या, माझा रेग्युलेटर बंद केला.

"आजी, चल, आधी बाहेर चल."

"अगं, वाढला म्हणजे संपला. घरात संपला म्हणू नये."

लतिका मटकन खाली बसली. हसत होती.

"यार आजी, मला वाटलं, तू गेलीस."

"मी कुठे जातेय? डबा लावायचं सांगत होते."

लतिकाने मला हलवून पाहिले. आत डुचमळले.

"हा संपलाच नाहीये. थंडीने गप्प बसलाय. याला आत घेऊ."

दुपारपर्यंत स्वयंपाकघराच्या उबेने माझ्यातला दाब वाढला. ज्योत निळी झाली. दोघींनी पिठलंभात केला. डब्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

मित्रांनो, थंडीत आम्हांला विस्तवाजवळ किंवा हीटरपाशी कधी नेऊ नका. दाब भलताच वाढून आम्ही फुटू. घरातली साधी ऊब पुरते. आणि कुणी गप्प झाले तर ते संपले असे समजू नका, जरा जवळ जाऊन पाहा.

फेब्रुवारीत मी खरोखरच रिकामा झालो. बाईंनी पुन्हा फोन केला, "गॅस वाढला गं." या वेळी लतिकाला अर्थ ठाऊक होता, तरी ती आली. मी जिन्यावरून खाली जात होतो, तेव्हा ती वर चढत होती. तिने मला वाट दिली. मला तिने ओळखले नाही.