एक दिवस जास्त

"यांना साखर किती वर्षं आहे?"

"हिला नाही. मला आहे," मिस्त्री म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान वर केली. पोरगीच होती, पण डोळ्यांखाली रात्रपाळीची वर्तुळं होती. "काका, मी पेशंटचं विचारतेय."

"मीही पेशंटचंच सांगतोय. साखर मला. अकरा वर्षं. हिला आजवर धड सर्दीसुद्धा झाली नाही."

"मग त्यांची साखर अठ्ठावीसवर कशी आली?" तिनं पेन खाली ठेवलं. "सत्तरच्या खाली गेली की आम्ही पळापळ करतो. अठ्ठावीसवर गेलेला माणूस परत येतोच असं नाही. धडधाकट बाईची साखर आपसूक एवढी उतरत नाही. साखर उतरवणारी गोळी पोटात गेल्याशिवाय नाही."

 मिस्त्रीची चाळीस वर्षं लिफ्टदुरुस्तीत गेलेली. आठव्या मजल्याच्या पोकळीत नुसत्या पट्ट्यावर लोंबकळून त्यानं बिनघोर तारा जोडल्या होत्या. आता मात्र तो कागदावरचा अठ्ठावीसचा आकडा पुन्हा पुन्हा वाचत होता.

सकाळी पॅनेलची किल्ली घरी राहिली म्हणून तो अकराच्या सुमारास परत आला. दार उघडून बघतो तर घरात अंधार, भर दिवसा पडदे ओढलेले. स्वयंपाकघराच्या फरशीवर बायको पसरलेली. डोक्याखाली उशी, अंगावर गळ्यापर्यंत चादर, आणि उंबऱ्याशी मांडी घालून बसलेली त्यांची बबडी. त्याला बघताच तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"शू. आई झोपलीये."

बबडी तेहेतीस वर्षांची होती. अंगानं थोराड, केसांत दोन-चार पांढरे; पण समज सहा-सात वर्षांवर येऊन थांबली ती थांबलीच. सांगितलेलं मात्र अक्षरशः पाळायची. झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही, उजेड करायचा नाही, बाबांना कामावर त्रास द्यायचा नाही. तिन्ही गोष्टी तिनं चोख केल्या होत्या.

"कधीपासून झोपलीये?" त्यानं विचारलं होतं. घड्याळ तिला कळत नसे.

"गाणी झाली. मग बातम्या झाल्या. मग परत गाणी," तिनं रेडिओकडे बोट दाखवलं.

म्हणजे तासभर तरी. समोरच्या दारातल्या मास्तरीणबाई, निवृत्त होऊन एकट्या राहणाऱ्या, त्याचा आरडाओरडा ऐकून धावत आल्या, त्यांनीच गाडी बोलावली, आणि मिस्त्री बायकोचं घामानं थबथबलेलं डोकं मांडीवर घेऊन दवाखान्यात पोचला. शेजारी बबडी आईची पर्स छातीशी धरून, आवाज न करता.

"घरात तुमच्या गोळ्या कोण हाताळतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तीच. आणते तीच, जेवणानंतर हातावर ठेवते तीच."

"मला माहितीये," बाकावरून बबडी म्हणाली. "पण सांगायचं नाही."

दोघांनीही वळून बघितलं.

"काय माहितीये गं?"

"बाबांना सांगायचं नाही. आईनं सांगितलंय."

"बबडे, आईला बरं नाहीये. सांग बघू."

"नाही." तिनं पर्स आणखी घट्ट धरली. या बाबतीत ती दगड होती. मिस्त्रीला ठाऊक होतं.

डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठून तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "बाबांना नको सांगूस. मला सांगशील? मी काही तुझे बाबा नाही."

बबडीनं विचार केला. नियमात ते बसत होतं. "आई बाबांची गोळी खाते. सकाळी एक. परवापासून दोन."



बायको शुद्धीवर आली तेव्हा दुपार कलली होती. हाताला सलाइन, ओठ कोरडे, चेहऱ्यावर चोरी पकडलेल्या पोरीसारखे भाव. मिस्त्रीनं मनाशी खूप काही जुळवून ठेवलं होतं. आयत्या वेळी तोंडातून निघालं ते भलतंच.

"माझ्या गोळ्या जास्त होत होत्या का गं मला, म्हणून तू खायला लागलीस?"

"तुमच्यातली एकही घेतली नाही मी. माझं पाकीट वेगळं आणायची." आवाज बारीक होता, पण बाणा तोच. "तुमची चिठ्ठी दाखवायची नि दोन मागायची. औषधवाल्यानं कधी विचारलं नाही."

"किती दिवस?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षं?" तो हबकला. "अगं पण कशाला? साखर नाही, काही नाही. मी नाक मुरडत गिळतो ती गोळी, आणि तू हौसेनं?"

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मग भिंतीलाच सांगितल्यासारखं सांगायला लागली. त्याच्या तपासणीच्या दिवशी बाहेर बसून असताना तिथल्या मासिकात वाचलं होतं. साखरेची ही साधी गोळी घेणारी माणसं जास्त जगतात असं काही शास्त्रज्ञांना वाटतं, म्हातारपण लांबतं म्हणे. शोध चालू आहेत. तिनं ते पान घडी घालून पर्समध्ये टाकलं होतं. पानाच्या शेवटी 'अजून सिद्ध झालेलं नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये' असंही होतं. "तेवढी ओळ सोडून सगळं पटलं मला," ती म्हणाली.

मिस्त्रीला या वेळी हसू यावं याची त्यालाच लाज वाटली. "तरुण दिसायचं होतं होय? कुणासाठी गं? दुधवाल्यासाठी?"

"दिसायचं कुणाला पडलंय? टिकायचं होतं."

"टिकायचं?"

"बबडीपेक्षा एक दिवस जास्त." तिनं मान वळवून त्याच्याकडे सरळ बघितलं. "एकच. तिचं सगळं नीट आवरायचं, आणि दुसऱ्या दिवशी मी गेले तरी चालेल. ती पासष्टपर्यंत जगली तर मला त्र्याण्णवपर्यंत जायला हवं. नुसतं पालेभाजी खाऊन होतंय का ते?"

 शेजारच्या पलंगावरचा पेशंट खोकला, थांबला.

"आणि मी?" मिस्त्रीनं विचारलं. "तुझ्या या सगळ्या बेतात मी कुठे आहे?"

"भिंतीवर," ती म्हणाली. "चांगल्या फ्रेममध्ये."

 छत्तीस वर्षांचा संसार. या बाईनं त्याच्या डब्यात कधी मीठ जास्त पडू दिलं नव्हतं, आणि मनातल्या मनात त्याला केव्हाच पोचवून मोकळी झाली होती.

"रागावू नका. तुम्हाला साखर. तुमचे वडील साठीत गेले, भाऊ अठ्ठावन्नला. तुमच्यावर भिस्त ठेवून कसं चालेल? मी धरूनच चालले होते."

"मला सांगायचंस तरी."

"काय सांगू? की तुम्ही आधी जाणार, म्हणून मी गोळी खाते?"

 

बाकीचं डॉक्टरीणबाईंनी उलगडलं. दोन वर्षं जी गोळी पोटात जात होती तिनं साखर एवढी पाडली नसती. पण गेल्याच आठवड्यात मिस्त्रीच्या डॉक्टरांनी त्याची गोळी बदलली होती. जुन्या औषधात आणखी एक, जास्त जोरकस औषध मिसळलेली. कंपनी तीच, आकार तोच, पाकिटाच्या कोपऱ्यात एक तांबडी पट्टी वाढलेली. तिनं सवयीनं दोन पाकिटं आणली, त्याचं त्याला, आपलं आपल्याला.

"हात थरथरायला लागले होते, घाम सुटायचा," बायको म्हणाली. "मला वाटलं, आलं म्हातारपण. म्हणून..."

"म्हणून दोन घेतल्या," डॉक्टरीणबाईंनी वाक्य पुरं केलं आणि कपाळाला हात लावला. "आणि सकाळी खाल्लं काय होतं?"

"चहा. बिनसाखरेचा. कमी खाल्लं की आयुष्य वाढतं, तेही त्याच पानावर होतं."

डॉक्टरीणबाई चिडल्या होत्या, आणि चिडण्याचा त्यांना हक्क होता. त्या बोलल्याही. आयुष्य वाढवणारी गोळी अजून कुणाच्या हाती लागलेली नाही. लागली तर ती आधी आम्ही डॉक्टरच खाऊ. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून रस्ता ओलांडणं.  शेवटी बायकोनं एवढंच विचारलं, "मग मी काय करू, ते सांगा."

डॉक्टरीणबाईंनी बाकावरच्या बबडीकडे बघितलं.

तीन दिवसांनी ती घरी आली. चौथ्या दिवशी मिस्त्री कामावर गेला. एका कचेरीतल्या लिफ्टची महिन्याची तपासणी होती. हे काम त्यानं आजवर डोळे मिटून केलं होतं. लिफ्ट अडकायची वाट बघत बसायचं नसतं. दर महिन्याला दोन मजल्यांच्या मध्ये मुद्दाम बंद पाडायची, आत उभं राहून घंटा दाबायची, आणि खाली कुणाला ती ऐकू जाते का, कुणी वर येतं का, हे बघायचं. त्या दिवशी त्यानं घंटा दाबली. खालचा पहारेकरी ओरडला, "ऐकतोय हो मिस्त्री, ऐकतोय." तरी मिस्त्रीनं लिफ्ट चालू केली नाही. अंधारात पाच-दहा मिनिटं तो तसाच उभा राहिला.

संध्याकाळी घरी येऊन त्यानं चपला काढल्या आणि बायकोला म्हणाला, "आडवी हो बघू."

"आत्ता कुठे? जेवायचं..."

"इथेच. फरशीवर. डोळे मीट."

तिला कळायला क्षणभर लागला. कळलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला. "काहीतरीच काय. अभद्र."

"तुझ्या मनात मी भिंतीवर लटकतो ते चालतं, आणि फरशीवर पाच मिनिटं पडलीस तर अभद्र?"

ती पडली.

"बबडे, आई उठत नाहीये. हाक मार. नाही उठली? हलव. तरी नाही? मग दार उघडायचं, समोरच्या मास्तरीणबाईंचं दार वाजवायचं, आणि म्हणायचं, आई उठत नाहीये, चला."

पहिल्या दिवशी बबडीनं पडदे ओढले. दुसऱ्या दिवशी ती दारापर्यंत गेली, पण चपला घातल्याशिवाय बाहेर जायचं नसतं, आणि डावी चप्पल सापडेना. आई तिथेच मेलेली, बबडी पलंगाखाली वाकून चप्पल शोधतेय. तिसऱ्या दिवशी ती समोर पोचली खरी, मास्तरीणबाईंनी सवयीनं हातावर बिस्किट ठेवलं, आणि ती तिथेच बसून खायला लागली. थोड्या वेळानं मास्तरीणबाई तिचा हात धरून आल्या. "अहो मिस्त्री, ही आलीये, पण कशाला आलीये ते सांगत नाही." फरशीवरची बाई बघून त्या किंचाळायच्याच बाकी राहिल्या. मग त्यांनाही सगळं सांगावं लागलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "उद्यापासून बिस्किट नाही. शाळेत मी इतकी वर्षं आग लागल्याची तालीम घेतलीये. शिस्त लागते."

बायकोला हे रोज जड जाई. जीव वाढवायला निघालेली बाई रोज संध्याकाळी साडेसहाला मरत होती. एकदा ती उठलीच नाही लवकर, मिस्त्रीनं घाबरून हलवलं तर डोळे मिटूनच म्हणाली, "असू द्या जरा. इथून घरातलं सगळं किती नीट ऐकू येतं."

नवव्या दिवशी समोरच्या दारावर धडधड थापा पडल्या, आणि मास्तरीणबाईंच्या घरातून बबडीचा आवाज आला, खणखणीत. "आई उठत नाहीये. चला." मास्तरीणबाई तिच्यामागून धावत आल्या, जणू पहिल्यांदाच ऐकत होत्या.

मिस्त्रीनं टाळ्या वाजवल्या. बबडीला टाळ्यांचं काही नव्हतं. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "आणि बाबा उठले नाही तर?"

दुसऱ्या दिवशी दोघंही पडली. शेजारी शेजारी, फरशीवर, डोळे मिटून. पाठीला गारवा लागत होता. बबडीनं दोघांना हाका मारल्या, हलवलं. मिस्त्रीच्या दंडाला चांगलाच चिमटाही काढला. मग कडी वाजली, चपला गेल्या, समोरच्या दारावर थापा पडल्या.

उत्तर नाही. पुन्हा थापा. पुन्हा शांत.

"अहो, मास्तरीणबाई आज बहिणीकडे गेल्यात," बायको डोळे मिटूनच कुजबुजली. "मी विसरलेच सांगायला. उठते मी."

त्यानं तिचं मनगट धरलं. "थांब."

बाहेर काहीच हालचाल नव्हती. समोरचं दार उघडलं नाही तर काय करायचं, एवढं मात्र त्यांनी तिला शिकवलंच नव्हतं. आता ती परत येईल, पडदे ओढेल, उंबऱ्याशी बसेल.  मनगटातली नाडी मिस्त्रीच्या बोटाखाली धावत होती. कुणाची, तेही नीट कळत नव्हतं.

चपला निघाल्या. पण घराकडे नाही. लांब, पार टोकाच्या दाराकडे. तिथे कोण राहतं ते दोघांनाही धड माहीत नव्हतं. थापा पडल्या. दार उघडलं. एका परक्या पुरुषाचा आवाज आला, "कोण गं तू?"

"माझे आई-बाबा उठत नाहीयेत," बबडी म्हणाली. "चला."

 मग घाईघाईची पावलं, दोन माणसांची, जवळ जवळ येणारी.

"अहो, आता त्यांना काय सांगायचं?" बायकोनं विचारलं.

"काही नाही," मिस्त्री पुटपुटला. "आपण गेलोय."