उलटी फिरलेली मोटर

वर्कशॉपच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. आतले लोक टाचा उंचावून बघत होते आणि बाहेरचे आतल्यांच्या तोंडाकडे बघून थक्क होत होते. मालकाची सून म्हणजे माझी धाकटी बहीण, म्हणून मला पुढची जागा मिळाली होती. समोर लोखंड कातायचा लेथ, त्याच्या मोटरवर काळं कापड, कापडावर लाखेनं सील केलेला पत्र्याचा डबा, आणि शेजारी डोळे अर्धे मिटलेले ऊर्जामहाराज.

"तीन फेज म्हणजे काय?" महाराजांनी विचारलं. "जन्म, जगणं आणि मरण. वीज कंपनीला वाटतं तीन वेगळे आहेत. अहो, मूळ एकच. मूळ हाताशी असलं की एक फेज पुरतो."

लोकांनी माना डोलावल्या. त्या गल्लीत लेथच्या मोटारींना लागणारी तीन फेजची लाइन नव्हती. जुनी शेड सोडून इथे आल्यापासून बहिणीच्या सासऱ्यांचे चारही लेथ मुके झाले होते आणि लाइनसाठी केलेला अर्ज कुठल्यातरी टेबलावर म्हातारा होत होता. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे तर अख्खा डबा होता.

महाराजांनी घरगुती एक फेज जोडला, कापडाखाली बराच वेळ काहीतरी खुडबुड केली आणि बटण दाबलं. मोटर न फिरता जागच्या जागी नुसती घुमू लागली.

"हाक मारतेय ती," महाराज म्हणाले. मग त्यांनी कापडाखालून पुलीवर मायेनं गोल हात फिरवला आणि मोटर सुसाट सुटली. एकानं हात जोडले, मग सगळ्यांनीच जोडले. सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला हा माणूस. मला हसू यायला हवं होतं, पण राग आला.

मी मोटारी भरतो. जळालेल्या मोटरची जुनी तार काढायची, नवी गुंडाळायची, हा माझा धंदा. कापडाआड काय चाललं होतं ते मला न बघताही कळलं होतं. तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. बहिणीचं सासर म्हणून मी तोंडाला कुलूप घातलं, आणि त्याची शिक्षा तिला झाली.

तीन आठवड्यांत तिथून दोन मोटारी माझ्याकडे आल्या. उघडल्या तर दोन्हींत तेच. एका फेजची कॉईल कोळसा, बाकी दोन कोऱ्या करकरीत. त्यांच्या मागोमाग बॅग घेऊन बहीण आली.

"मोटर माझ्याच हाताखाली अडते म्हणे," ती म्हणाली. "महाराजांनी सांगितलं, माझी सावली जड आहे. मामंजी म्हणाले, सगळं सुरळीत होईपर्यंत माहेरी राहा."

"आणि तुझा नवरा?"

"त्यानं बॅग बस स्टॉपपर्यंत आणून दिली."

"अडते का खरंच?"

"अडणारच की. जाड शाफ्ट कापायचं काम माझ्याकडे. तो नुसता वरून पॉलिश मारतो." तिनं टेबलावरची काळी कॉईल हातात घेतली. "दादा, जुन्या शेडमध्ये एका फेजचा फ्यूज उडायचा. नवा फ्यूज येईपर्यंत मोटर चालू करायला आम्ही पुलीला हातानं झटका द्यायचो. मामंजींनीच शिकवलंय मला ते."

जो राबतो त्याच्याच हाताखाली मशीन अडतं, आणि दोषही त्याच्याच सावलीला. त्या दिवशी ती जेवली नाही.

जुन्या डब्यातली शक्ती संपली म्हणून महाराज पुढच्या आठवड्यात नवा डबा बसवणार होते. पुन्हा तीच गर्दी जमली. या वेळी मी आणि बहीण मधून वाट काढत थेट लेथपाशी गेलो.

"तू कशाला आलीस?" सासरे म्हणाले. "लांब उभी राहा."

"मशीन चालवायला आलेय, मामंजी."

"बघाच आता," महाराज गर्दीला म्हणाले. "हिच्या सावलीत मोटर हलायची नाही."

तिनं कापड ओढून काढलं आणि डब्यातून मोटरकडे गेलेल्या दोन्ही तारा पकडीनं तोडल्या. मी बटण दाबलं. मोटर जागच्या जागी घुमू लागली. महाराज हसले. बहिणीनं पुलीला झटका दिला, मुद्दाम उलट्या दिशेनं. मोटर पळाली आणि लेथ उलटा फिरू लागला. मी बंद केलं. मोटर थांबल्यावर पुन्हा बटण दाबलं, तिनं सुलटा झटका दिला, लेथ सुलटा फिरला.

"महाराज," ती म्हणाली, "तुमची शक्ती नक्की कुठल्या दिशेची?"

मग मी सांगितलं, महिनाभर उशिरा. तीन फेज पाठोपाठ ओढतात, म्हणून मोटरला फिरायची दिशा मिळते. एका फेजचा जोर नुसता मागेपुढे होतो, म्हणून ती जागीच घुमते. हातानं ढकलली की ढकलाल तिकडे पळते. घरच्या विजेच्या कमी दाबावर ती चालावी म्हणून महाराजांनी कापडाआड तिच्या जोडणीच्या पट्ट्या बदलल्या होत्या. पण ताकद अर्धीच राहते. भार पडला की अडते आणि रेटली की जळते. डबा फोडला, त्यात वाळू होती आणि एक बंद पडलेलं घड्याळ.

सगळे डब्यात डोकावत होते तेवढ्यात महाराज मागच्या दारानं गेले. त्यांना कुणी अडवलं नाही. समोरचा ऑइलवाला मात्र पुढे आला आणि बहिणीला हात जोडून म्हणाला, "ताई, खरी शक्ती तुमच्याच हातात आहे बघा."

मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. तिनं मोटर बंद केली, त्याचे जोडलेले हात सोडवले, बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं आणि म्हणाली, "आता तुम्ही ढकला." त्याच्या हातानंही मोटर फिरली. मग एकेकाच्या हातानं फिरली. शेवटी सासरे उरले.

"तुला हे माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच शिकवलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"पहिल्याच दिवशी बोलले होते. तुम्ही म्हणालात, मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस."

ते चिंधीनं आधीच स्वच्छ असलेले हात पुसत राहिले.

आता तिथे मी एक जादा मोटर बसवून दिली आहे. एका फेजवर ती रिकामीच फिरते आणि बाकीच्या मोटारींना लागणारा फेज तयार करते. एका वेळी एकच लेथ चालवायचा, पण कॉईल जळत नाही. तिला सुरुवातीचा झटका द्यायला दोरी गुंडाळतात. त्या दोरीला कुणी नमस्कार करायचा नाही, अशी मी पाटी लावली आहे, कारण माणसांचा भरवसा नाही. तुम्हालाही एवढंच सांगणं आहे. कुणी चमत्कार दाखवला तर कापड उचला आणि म्हणा, आता उलटा फिरवून दाखव. घरातलं कुणी पहिल्या दिवशी काही सांगत असेल तर ते आधी ऐका. आणि माझ्यासारखं माहीत असून गप्प बसू नका.

जळालेल्या त्या दोन मोटारी माझ्याकडेच राहिलेल्या बहिणीनं भरल्या. न्यायला सासरे स्वतः आले. मोटर उचलता उचलता त्यांनी विचारलं, "घरी कधी येतेस?"

ती पुढची कॉईल बांधत होती. तिनं गाठ आवळली आणि त्यापुढची हातात घेतली.