हसून दिलेलं उत्तर

हेडफोनच्या गादीचा काळा पापुद्रा सुटून कानामागे चिकटला होता, तो ती नखानं खरवडत होती, आणि कानात तीच अनोळखी बाई पुन्हा एकदा सांगत होती, "मत ना? आमचे हे सांगतात तिथंच." आणि मग ते हसू... नाकातून सुटलेलं, अर्धवट.

समोर दोन पर्याय. 'स्वतःचा निर्णय' किंवा 'दुसऱ्याच्या सांगण्यावरून'. बायका मत कुणाला द्यायचं हे कशा ठरवतात यावरचं हे संशोधन. प्रत्येक मुलाखत दोघांनी वेगवेगळी ऐकायची आणि एकेक पर्याय निवडायचा. तिची आणि पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्याची – संथ कामामुळे सगळे त्याला कासव म्हणत – निवड बाकी सगळीकडे जुळली होती. अडत होतं ते हसून दिलेल्या उत्तरांवर, आणि तशी उत्तरं थोडीथोडकी नव्हती. ती जिकडे जातील तिकडे निष्कर्ष झुकणार होता. कासव म्हणे, बाई बोलली तेच धरायचं. ती म्हणे, हसूही बोलणंच आहे. हे हसू तिच्या ओळखीचं होतं – आईचं. घराचे पडदे घेताना बाबा निळे म्हणाले होते, आई "तुम्ही म्हणाल तसं" म्हणून अशीच हसली होती, आणि घरात आले ते मोहरीच्या रंगाचे. बाबा अजून पाहुण्यांना सांगतात, रंग मी निवडला.

संशोधन चालवणाऱ्या सरांनी ही पडद्यांची गोष्ट ऐकून घेतली, हसलेही. मग म्हणाले, "तुझ्या आईला न ओळखणाऱ्यालाही लावता येईल असा नियम लिहून दे. आज संध्याकाळपर्यंत."

बरोबरच होतं त्यांचं. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत ती पहिलं हेच शिकली होती – काट्याकडे समोरून बघायचं, तिरकं बघितलं की आकडा सरकतो. आणि आईकडे समोरून कसं बघतात?

दुपारी जिन्यात उभं राहून तिनं घरी फोन लावला. पलीकडे टीव्हीवर सामन्याचा गलका चालू होता. तिनं सरळ विचारलं, मागच्या निवडणुकीत तू बाबांनी सांगितलं त्यालाच मत दिलंस का? गलका कमी झाला. मग आई म्हणाली, "त्यालाच की. तुझे बाबा काय उगाच सांगतात होय?" आणि हसली. तेच हसू, जसंच्या तसं. मग जेवलीस का, आणि आवाज बसलाय तुझा, काढा घे.

पुरावा मिळाला, असं वाटून ती दोन-दोन पायऱ्या चढत निघाली, आणि मधल्या वळणावर थांबली. टीव्हीचा आवाज कुणी कमी केला? आई फोनवर होती, रिमोट कधी तिच्या हातात नसतोच... प्रश्नावली घेऊन जाणाऱ्या मुलींना प्रशिक्षण देताना ती स्वतः फळ्यावर पहिलं वाक्य लिहायची – विचारण्याआधी बघा, खोलीत आणखी कोण आहे. आणि आज तिनं बघितलंच नव्हतं. आजच कशाला...

वर आल्यावर कासव म्हणाला, "काय हास्यतज्ज्ञ, शर्यत जिंकलो ना मी?"

"थांब जरा," ती म्हणाली.

तिनं हेडफोन चढवला. या वेळी हसू नाही, त्याच्या आधीचं ऐकू लागली. प्रश्न विचारला जात होता, मागे कुठंतरी वर्तमानपत्राचं पान सळसळत होतं. प्रश्न संपला. सळसळ थांबली. आमचे हे सांगतात तिथंच. हसू. मग पान उलटलं.

त्या हसण्याला ती लहानपणापासून आईचा विजय समजत आली होती, पडदे साक्षीला ठेवून. असेलही विजय. किंवा पान पुन्हा उलटावं, सामना पुन्हा सुरू व्हावा, यासाठी घेतलेली एक लहानशी माघार... आवाजात दोन्ही सारखंच ऐकू येत होतं. बाबा घरात नसताना आई असं हसल्याचं ती आठवू लागली. स्वयंपाकघर आठवलं, गॅलरी आठवली, त्या दोघीच असलेल्या किती दुपारी आठवल्या. हसू त्यातल्या एकीतही सापडेना.

बाबा संध्याकाळी फिरायला जातात. तेव्हा फोन करता येईल, प्रश्न तोच विचारता येईल. एवढ्या मुलींना शिकवलेला, कुठंही न झुकणारा, शब्द न् शब्द तपासलेला प्रश्न. ती तो मनात म्हणून बघत होती, आईच्या आवाजासमोर ठेवून बघत होती, आणि दर वेळी आईचं उत्तर येण्याआधी एक वेगळाच आवाज ऐकू येत होता... पानाची सळसळ थांबावी तसा, आपण श्वास रोखल्याचा.