सोळा नंबरचं दार

"केर्मिटचा गहू व्हर्ननच्या नावावर चढलाय," काट्याच्या खोलीत शिरत लाइल म्हणाला, "आणि व्हर्ननला त्याचं मुळीच वाईट वाटलेलं नाही."

लाइल ब्रेक्के आमच्या धान्यकोठाराचा नवा मॅनेजर. केर्मिटच्या ट्रकचा नंबर चार, व्हर्ननच्या ट्रकचा चव्वेचाळीस. वजनकाट्यावरच्या डेल्मरचं बोट चारच्या बटणावर एकदा पडायचं ते दोनदा पडलं होतं. आठवड्याभरातली तिसरी चूक.

"आणखी एक चुकीची पावती, अर्डिसबाई, आणि शुक्रवारनंतर डेल्मर घरी. शुक्रवारी मी स्वतः त्याच्या मागे उभा राहणार आहे."

"राहा की," अर्डिस म्हणाली. "बूट पुसून ये म्हणजे झालं."

डेल्मर ऑपसाल एकतीस वर्षं गव्हाचे ट्रक तोलत होता. वर्षभरापासून त्याचा उजवा हात थरथरायचा. ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती, म्हणूनच कुणी बोलत नव्हतं. नॉर्थ डकोटात आमची रीतच तशी. कॉफीसुद्धा तीनदा विचारल्याशिवाय घ्यायची नसते. दोन 'नको' शिष्टाचाराचे, तिसऱ्याला 'बरं, अर्धा कप'.

अर्डिसने त्याला विचारून पाहिलं होतं. "डेल्मर, बटणं मी दाबू का? तू नुसतं तोल."

"नको."

असं तिने चारदा विचारलं. चौथ्यांदाही 'नको' आल्यावर तिला कळलं, हे खरंखुरं 'नको' आहे.

अर्डिस होव्हलँड आमची हिशेबनीस. काट्याजवळच्या संगणकातला पावत्यांचा प्रोग्राम तिनेच लिहिलेला, तोही असेंब्ली भाषेत, टपालाने मागवलेल्या पुस्तकावरून. त्या भाषेत यंत्राला आपण होऊन काहीच सुचत नाही; आतल्या प्रत्येक कामाचं जणू एक नंबर घातलेलं दार असतं. पडद्यावर अक्षर उमटवायचं तर दहा नंबरचं दार ठोठावायचं. कुणी बटण दाबलं का हे विचारायचं तर सोळा नंबरचं. हातातलं काम थांबवून दारात उभं राहायचं, उत्तर मिळालं की परत यायचं. सोळाच्या दारात तर कुणी बटण दाबेपर्यंत यंत्र मुकाट्याने ताटकळत असे. आमच्यातल्या कुठल्याही लग्नाळू मुलाने इतका धीर दाखवलेला नाही.

अर्डिस चालता चालता "दहा… सोळा… सोळा…" असं पुटपुटायची. आमच्या लूथरन चर्चमध्ये बिंगो, म्हणजे आकडे पुकारायचा जुगार, चालत नाही, त्यामुळे पाद्रीसाहेब काही काळ तिच्यावर नजर ठेवून होते.

मंगळवारी तिने प्रोग्राम बदलला. सोळाच्या दारातून तेच बटण लागोपाठ दुसऱ्यांदा आलं, तर हाकलून द्यायचं. दुपारी व्हर्ननचा ट्रक आला आणि पावतीवर चव्वेचाळीसचा चार झाला. आता व्हर्ननचा गहू केर्मिटकडे. मी तेव्हा ट्रक रिकामे करून घ्यायचो. पावती हातात पडताच लाइलच्या आधी अर्डिसकडे धावलो.

"शहाणी मी!" तिने पावती फाडली. "चव्वेचाळीस लिहायला दोन चार लागतात, हे शेंबड्या पोराला कळतं."

"आता?"

"आता घड्याळ."

घड्याळाचंही एक दार होतं. ते सेकंदाला अठरा टिचक्या मोजायचं. डेल्मरची थरथर किती टिचक्यांची, एवढंच कळायला हवं होतं. बुधवारी तिने त्याला पाचदा कॉफी नेऊन दिली आणि समोर बसून कपातले तरंग मोजले.

"आज फारच माया आली तुला," डेल्मर म्हणाला.

"कॉफी उरलीय. पी गुमान."

शेवटी सहा टिचक्या ठरल्या. तेवढ्यात तेच बटण पुन्हा आलं तर ती थरथर. त्याहून उशिरा आलं तर तो डेल्मर. शिवाय चुकलेला आकडा डेल्मरला चटकन दिसावा म्हणून दहा नंबरच्या दारात जाऊन तिने पडद्याची रीतही बदलली: ओळीत ऐंशीऐवजी चाळीसच अक्षरं, प्रत्येक दुप्पट रुंद.

"माझे डोळे गेलेत रे," तिने डेल्मरला सांगितलं. "अक्षरं फुगवलीत. चालवून घे."

"वय होतं गं," तो कनवाळूपणे म्हणाला.

शुक्रवारी लाइल बूट पुसून आला आणि दिवसभर डेल्मरच्या मागे उभा राहिला. एकसष्ट ट्रक आले. बोट बटणावर तीनदा आपटायचं, पडद्यावर आकडा एकच उमटायचा. व्हर्ननचा ट्रक काट्यावर चढला तेव्हा अर्डिसची पेन्सिल थांबली. डेल्मरने चार दाबला. श्वास घेतला. पुन्हा चार दाबला.

चव्वेचाळीस. पावती बरोबर निघाली.

"ठीक आहे," संध्याकाळी लाइल म्हणाला. आमच्याकडे यापलीकडे कौतुक नसतं.

तो गेल्यावर डेल्मरने हात आमच्यासमोर धरला. "डॉक्टरच्या नव्या गोळ्यांचा गुण. बघ कसा थांबलाय."

हात वाऱ्यातल्या ओंबीसारखा हलत होता.

"दिसतंय की," अर्डिस म्हणाली.

त्यानंतर डेल्मरने आणखी चार सुग्या तोलल्या आणि आपण होऊन निवृत्त झाला. त्याचा खण मी रिकामा केला. आत पेन्सिली, पेपरमिंट आणि गोळ्यांची बाटली होती. तारीख एकोणनव्वद सालची, लाइल मागे उभा राहिला त्याच आठवड्याची. झाकणावरचं सील तसंच.

मी ती अर्डिससमोर ठेवली. तिने चष्मा पुसून सील पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग बाटली परत खणात ठेवून खण हळूच लोटला.

"कॉफी घेणार?" तिने विचारलं.

"नको," मी पहिल्यांदा म्हणालो.